एका कुळाची दोन यंत्रे

खेळाच्या यंत्रांविषयी या मासिकात लिहिण्याची पाळी आमच्यावर येईल, असे आम्हांस कधी वाटले नव्हते. आमचे सारे कर्तेपण बेळगावच्या उद्यमबागेत, लेथच्या खडखडाटात आणि कटिंग ऑईलच्या वासात गेले. खेळ म्हटला की आम्हांस पटावरच्या सोंगट्या आठवतात. परंतु गेली चार वर्षे आमच्या कुटुंबात ज्या एका प्रश्नाने घर केले आहे, तो प्रश्न या यंत्रांचाच आहे. आणि त्यात आमचे जे गुंतले होते ते केवळ पैशाने मोजण्यासारखे नव्हते. म्हणून हा उपद्‌व्याप.

प्रथम पूर्वपीठिका सांगितली पाहिजे. १९९३ सालच्या मे महिन्यात आम्ही खडेबाजारातून एक टीव्ही गेम आणला. निपाणीहून आमचे थोरले बंधू सहकुटुंब सुटीला आले होते. त्यांचा मुलगा तेरा वर्षांचा, आमचा बारा वर्षांचा. दोघे भर उन्हात गल्लीभर हुंदडत आणि संध्याकाळी अंगावर घामोळे घेऊन येत. त्यांना घरात बसविण्याचा तो उपाय होता. जपानच्या निन्टेंडो कंपनीने १९८३ साली जे 'फॅमिली कॉम्प्युटर' नावाचे यंत्र काढले, त्याच्या नकला त्या काळी आपल्याकडे नाना नावांनी विकल्या जात. त्यांतलीच ही एक. वर खोबणीत कॅसेट बसवावयाची, दोन हातकळा दोघांनी घ्यावयाच्या आणि एक प्लास्टिकची बंदूक. त्या बंदुकीने पडद्यावरची बदके मारावयाची. 'डक हंट' हे त्या खेळाचे नाव आम्हांस फार नंतर कळले. आमच्या घरी त्याला 'बदके' एवढेच म्हणत. महिनाभर दोघे चुलतभाऊ त्या पडद्यासमोर मांडीला मांडी लावून बसले. स्वयंपाकघरातून त्यांच्या आजीची, म्हणजे आमच्या मातोश्रींची, "जेवंक येयात रे!" अशी हाक तीन-तीनदा येई, तेव्हा कोठे ते उठत.

मूळच्या त्या जपानी यंत्राच्या पोटात दोन किलोबाइट एवढी कार्यस्मृती असे. आज ज्या प्लेस्टेशन ५ चा बोलबाला आहे, त्याची स्मृती सोळा गिगाबाइट. आमच्या नातवाने हा भागाकार आम्हांस करून दाखविला, तेव्हा उत्तर सुमारे चौऱ्याऐंशी लक्ष आले. चौऱ्याऐंशी लक्ष! आपल्याकडे जीव इतक्या योनी फिरून मनुष्यजन्मास येतो असे सांगतात. हा निव्वळ योगायोग आहे हे आम्ही जाणतो. तरीही तो आकडा पाहून आम्ही क्षणभर थक्क झालो आणि देवघराकडे पाहिले, हे कबूल करण्यास आम्हांस संकोच वाटत नाही.

थोरले बंधू २०१४ साली निवर्तले. निपाणीत आमची वडिलोपार्जित तंबाखूची वखार आहे. तिचा व्यापार बंधूच पाहत आणि आम्ही कारखान्यात रमलेले, म्हणून वाटणीचा विषय कधी निघाला नव्हता. तो २०१६ साली निघाला. कोण बरोबर, कोण चूक, हे सांगण्याची ही जागा नव्हे. शिवाय त्यात आमचाही एक हट्ट होताच. परिणाम मात्र असा झाला की एका मांडीवर बसून बदके मारणारे ते दोघे एकमेकांचा फोन घेईनासे झाले. दर वर्षी दोन्ही घरे मिळून कवळ्यास शांतादुर्गेच्या दर्शनाला जात. त्यानंतर निपाणीकर वेगळ्या तारखेला जाऊ लागले. इतकेच नव्हे, तर बेळगाव वाटेत लागू नये म्हणून संकेश्वरावरून आजरा-आंबोलीचा रस्ता धरू लागले. एकाच देवीच्या पायरीवर पोहोचण्यास दोन घाट!

मोठ्यांचे हे असे चालले असता दोन्हीकडची नातवंडे मात्र एकमेकांस धरून होती. दोघेही २००८ सालचे. अवघ्या पाच महिन्यांचे अंतर. निपाणीचा नातू चेंडूवेडा. निपाणीहून कोल्हापूर जेमतेम चाळीस किलोमीटर. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार तालमींचा सामना असला की हा कोणाच्या तरी गाडीवर मागे बसून हजर. बेळगावचा नातू मितभाषी, स्क्रू खोलण्यात पटाईत. आमच्या कारखान्यातील मोडलेल्या मोजमापाच्या घड्याळ्या त्याने लहानपणीच उघडून पाहिल्या होत्या.

२०२१ साली, महामारीमुळे शाळा घरात आल्या होत्या तेव्हा, दोन्ही घरांत एकाच वेळी मागणी झाली. निपाणीला प्लेस्टेशन हवे. बेळगावला खेळ चालेल असा पीसी हवा. वाचकांपैकी ज्यांना हा भेद ठाऊक नसेल त्यांच्याकरिता सांगतो : कन्सोल म्हणजे केवळ खेळाकरिता घडविलेली, टीव्हीला जोडावयाची बंद पेटी, कंपनीने जशी दिली तशीच ती सर्वांच्या घरी. पीसी म्हणजे आपला नेहमीचा घरगुती संगणक. त्यात चित्र रेखाटणारे शक्तिमान कार्ड बसविले की तो खेळासही चालतो. त्याचे भाग मात्र ज्याने त्याने आपल्या ऐपतीप्रमाणे निवडावयाचे.

प्लेस्टेशन ५ भारतात २ फेब्रुवारी २०२१ रोजी आले. तबकडीवाल्या पेटीची किंमत ₹४९,९९०. पण ती मिळेल तर शपथ. जगभर चिपांचा तुटवडा होता. शेवटी ऑगस्ट महिन्यात कोल्हापूरच्या एका नातलगाच्या पत्त्यावर ती लागली आणि ती आणावयास निपाणीचा पुतण्या स्वतः गेला. त्या दिवसांत महाराष्ट्रातून कर्नाटकात येणारास कोगनोळीच्या नाक्यावर आरटीपीसीआर चाचणीचा दाखला दाखवावा लागे, लस घेतलेली असली तरीही. तेव्हा दर्या ओलांडून आलेल्या पेटीस कोणी काही विचारले नाही. परंतु निपाणीच्या रहिवाशास निपाणीत शिरावयास नाकात काडी घालून घ्यावी लागली. सीमाभागात राहणाऱ्यास असले विनोद नवे नाहीत.

बेळगावची गोष्ट निराळी. पीसीचे भाग एकेक करून जमवावयाचे, त्यात चित्रकार्डाचा भाव ऐकून आमचे चिरंजीव खुर्चीवरच बसले. चलनी नाण्यांऐवजी आकडेमोडीने 'खणून' काढावयाची जी आभासी नाणी निघाली आहेत, ती खणणारे लोक हीच कार्डे ढिगाने विकत घेत. त्यामुळे छापील किमतीच्या जवळजवळ दुप्पट दाम पडत होते. चिरंजिवांचे म्हणणे असे की पीसीवर अभ्यास होतो, प्लेस्टेशन हे निव्वळ खेळणे आहे. तेव्हा जास्त पडले तरी पैसा सत्कारणी लागेल. हे वाक्य त्यांनी इतक्या मोठ्याने म्हटले की ते निपाणीस ऐकू जावे असाच हेतू असावा. आणि ते कोणीतरी पोहोचविलेही. तिकडून उत्तर आले की ज्यांना गरज आणि चैन यांतला फरक कळत नाही त्यांनीच दुप्पट दाम मोजावे. अशा रीतीने वखारीचे भांडण यंत्रांवर येऊन बसले. नातवंडांनी आपापले यंत्र मागितले होते. बापांनी त्याची निशाणे केली.

आम्हांस पंच म्हणून कोणी बोलाविले नव्हते. तरी आमचे मत झाले ते असे.

१९८७-८८ च्या सुमारास आमच्याकडे एका मोठ्या गिऱ्हाइकाचे काम आले. एका फ्लँजला आठ भोके पाडावयाची. महिन्याला हजारो नग. लेथवर आणि साध्या ड्रिलवर हे काम वेळखाऊ. आम्ही कर्ज काढून एक खास यंत्र बनवून घेतले. कारखान्याच्या भाषेत त्याला एसपीएम म्हणतात, म्हणजे एकाच कामाकरिता जन्मास आलेले यंत्र. आठ स्पिंडल एकदम उतरत आणि आठही भोके एका दमात पडत. त्याच्यापुढे आमचा जुना लेथ म्हणजे शर्यतीतील घोड्यापुढे बैल वाटे. तीन वर्षे आम्ही त्या यंत्रावर खूष होतो. मग गिऱ्हाइकाने नमुना बदलला. भोके सहा झाली आणि त्यांचे वर्तुळही बदलले. एसपीएम ताडपत्रीखाली गेले आणि पुढे मोडीत निघाले. बैल अजूनही औत ओढतो आहे. त्याला आम्ही नवी मोटार बसविली, नवा चक बसविला, परवा त्याच्यावर डिजिटल मोजपट्टीही चढविली.

वाचकांच्या ध्यानी आलेच असेल की कन्सोल हे एसपीएम आणि पीसी हा लेथ, असे आम्ही म्हणू पाहत आहोत. नातवांना ही उपमा आम्ही मोठ्या तोऱ्यात सांगितली. बेळगावचा नातू हसला आणि म्हणाला, "आजोबा, एसपीएमवर तुम्ही भोके पाडून पैसे मिळवत होता. प्लेस्टेशनवाले पेटीवर फारसे मिळवतच नाहीत, खेळांवर मिळवतात." हे आमच्या ध्यानात आले नव्हते. पेटी शक्य तितकी स्वस्त द्यावयाची आणि पुढे विकल्या जाणाऱ्या प्रत्येक खेळावर आपला हिस्सा घ्यावयाचा, असा तो व्यवहार आहे. सोनीने स्वतः काढलेल्या नव्या मोठ्या खेळाची भारतातली किंमत त्या वेळी ₹४,९९९ पर्यंत जाई. शिवाय परक्या घरच्या गड्याशी तारेवरून सामना खेळावयाचा तर बहुतेक खेळांना निराळी वर्गणी. पीसीवाल्यास ती नाही. उलट तबकडीवर घेतलेला खेळ संपला की ती तबकडी दुसऱ्यास विकता येते, पीसीवर ती सोय राहिलेली नाही. निपाणीचा नातू तंबाखूच्या व्यापाऱ्याचा खरा वंशज. एकच तबकडी तीन हातांतून फिरवून तिची किंमत वसूल करीत असे.

आणखी एक गोष्ट आम्हांस नव्याने कळली. २०१३ साली निघालेल्या प्लेस्टेशन ४ पासून या पेट्यांच्या आतील मेंदू पीसीच्याच जातीचा आहे. प्लेस्टेशन ५ च्या पोटात एएमडी कंपनीचा आठ गाभ्यांचा प्रक्रियक आहे, तोच वंश आमच्या बेळगावच्या पीसीत आहे. फरक कुळाचा नसून संसाराचा. पेटीत सोळा गिगाबाइट स्मृती गणिताने आणि चित्राने मिळून वापरावयाची, एकाच चुलीवर. पीसीत प्रक्रियकाची स्मृती वेगळी, चित्रकार्डाची वेगळी, आणि मधल्या रस्त्याने सामानाची ने-आण. एकत्र आणि विभक्त कुटुंबांचा हा दाखला आम्ही मुद्दाम शोधला नाही, तो समोर आला.

पेटीचे बळ तिच्या सारखेपणात आहे. खेळ रचणारास ठाऊक असते की सर्वांच्या घरी तंतोतंत हेच यंत्र आहे. तेव्हा तो शेवटच्या थेंबापर्यंत पिळून घेऊ शकतो. पीसीवाल्यांची घरे हजार तऱ्हांची. २०१५ च्या जूनमध्ये 'बॅटमॅन : आर्कम नाइट' हा खेळ निघाला, कन्सोलवर तो नीट चालला, पीसीवर इतका अडखळला की दुसऱ्याच दिवशी कंपनीने त्याची पीसीवरील विक्री थांबविली आणि ऑक्टोबरअखेर पुन्हा सुरू केली. आमचे पुतणे हे उदाहरण देत. चिरंजिवांकडे त्याला उत्तर होते. १० डिसेंबर २०२० रोजी 'सायबरपंक २०७७' निघाला. चांगल्या पीसीवर तो डोळे दिपवी, पण सात वर्षांच्या जुन्या प्लेस्टेशन ४ वर तो इतका गाळात रुतला की आठवड्याभरात सोनीने आपल्या दुकानातून तो काढून टाकला. परत आला तो २०२१ च्या जूनमध्ये. पेटीचे म्हातारपण असे असते. सगळ्या पेट्या एकदम म्हाताऱ्या होतात. लेथाप्रमाणे मोटार बदलून तारुण्य आणता येत नाही. ही दोन्ही उदाहरणे आम्हांस नातवांनीच पुरविली, आणि बाप ती परस्परांवर फेकीत. समोरासमोर नव्हे, मुलांच्या तोंडून.

आता मुख्य प्रसंग. १ ऑक्टोबर २०२१ रोजी 'फिफा २२' हा फुटबॉलचा खेळ निघाला. दोन्ही नातवांनी आपापल्या साठवलेल्या पैशांतून तो घेतला. बेत असा की रोज रात्री नऊ वाजता निपाणी विरुद्ध बेळगाव सामना व्हावयाचा. मोठे बोलत नसले तरी पोरे खेळतील, यात आमच्या मनानेही आशा धरली होती. त्या रात्री बेळगावचा नातू तासभर खटपट करीत होता. निपाणीचा कानातल्या यंत्रातून सांगत होता, "अरे, तुझे नावच येत नाही माझ्याकडे." शेवटी उलगडा झाला. नाव एक, वेष्टणावरचा खेळाडू एक. तरी प्लेस्टेशनवाला पीसीवाल्याशी खेळूच शकत नव्हता. कंपनीने मध्ये भिंत घातली होती.

बरे, एवढेच नव्हे. बावीस खेळाडूंना अंगभर संवेदक असलेले पोशाख चढवून खराखुरा सामना खेळविला आणि त्यांच्या हालचाली टिपून त्या खेळात घातल्या, अशी त्या वर्षीच्या आवृत्तीची कीर्ती होती. ती करामत प्लेस्टेशन ५ वर होती. पीसीवर मात्र कंपनीने जुन्या पेट्यांचीच आवृत्ती दिली होती. कारण, बहुसंख्य पीसीवाल्यांची यंत्रे दुबळी असतात आणि खेळ त्यांनाही चालला पाहिजे. म्हणजे ज्याने दुप्पट दाम मोजून कार्ड बसविले, त्याच्या ताटात शेजारच्या दुबळ्याच्या पचनाप्रमाणे पातळ भात. नातवाने कानातले यंत्र काढून ठेवले आणि न जेवता निजला. तेरा वर्षांच्या मुलाला आम्ही रडताना पाहिले नाही; पण उशी सकाळी उन्हात घातलेली होती.

दुसऱ्या दिवशी चिरंजीव म्हणाले, "बरेच झाले. त्यांच्याशी खेळायचेच कशाला?" हे वाक्य ऐकून आम्हांस जी लाज वाटली ती स्वतःची. वखारीच्या वाटणीत आम्ही एका सहीवर अडून बसलो होतो, ती सही या मुलाच्या उशीपर्यंत आली होती.

त्यानंतरचे वर्ष दोघे निरनिराळे खेळले. या काळात आम्ही दोन्ही घरी जाऊन येत असू. आम्हांस कोणी मना केले नव्हते. तेव्हा एक भेद डोळ्यांत भरला. निपाणीची पेटी बैठकीच्या खोलीत, मोठ्या टीव्हीला जोडलेली. मुलगा सोफ्यावर, शेजारी त्याची बहीण दुसरी हातकळा धरून, मागे वहिनी शेंगा सोलीत, मालिकेची वेळ झाली की भांडण, आणि पेटी बंद. वीज गेली की सगळेच अंधारात. बेळगावचा पीसी माडीवरच्या खोलीत, टेबलावर. एक खुर्ची, एक पडदा, बंद दार. मुलगा काय करतो हे कळावयास जिना चढावा लागे. यंत्राच्या घडणीनेच घरातली बसण्याची जागा ठरविली होती. पूर्वी एका पडद्याचे दोन भाग करून दोघांनी शेजारी बसून खेळावयाचे खेळ पेट्यांवर पुष्कळ असत. तेही कमी होत चालले आहेत. दोन बाजूंची दोन चित्रे रेखाटणे म्हणजे यंत्रावर दुहेरी भार. २०१५ साली 'हेलो ५' या खेळाच्या कर्त्यांनी चित्राची गती सेकंदास साठ ठेवण्याकरिता ही सोयच काढून टाकली. चित्र गुळगुळीत झाले आणि शेजारचा माणूस उठून गेला.

हाताचाही भेद आहे. बंदुकीच्या खेळात पीसीवाला उंदीर फिरवून पापणी लवते न लवते तोच नेम धरतो. पेटीवाल्यास अंगठ्याने दांडी ढकलावी लागते, म्हणून यंत्र त्याचा नेम हळूच लक्ष्याकडे ओढून मदत करते. उलट फुटबॉलमध्ये कळफलक लंगडा. त्यावर धावण्याच्या दिशा आठच. दांडीवर पूर्ण वर्तुळ. म्हणून बेळगावच्या नातवाने अखेर एक हातकळा विकत घेतली, ती नेमकी निपाणीच्या जातीची. चिरंजिवांनी ती पाहिली आणि काही बोलले नाहीत.

थोडे विषयांतर. आमच्या घरातील मंडळींना, म्हणजे नातवांच्या आजीला, या यंत्रांत देवदेवता असतात हे कळले तेव्हा त्यांनी डोळ्यांवर चष्मा चढविला. २०२० साली पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या मंडळींनी 'राजी' नावाचा खेळ काढला. हरवलेल्या भावाला शोधणारी एक मुलगी, आणि तिची कथा सांगणारे दुर्गा व विष्णू. तो आधी निन्टेंडोच्या स्विच या यंत्रावर ऑगस्टमध्ये आला, आणि ऑक्टोबरात प्लेस्टेशन, पीसी इत्यादींवर. आजीने तो निपाणीत टीव्हीवर पाहिला आणि मग बेळगावात पीसीवर पाहून खात्री करून घेतली की दुर्गा दोन्हीकडे तीच आहे. २००९ साली प्लेस्टेशन २ करिता 'हनुमान : बॉय वॉरियर' हा भारतात घडविलेला खेळ निघाला, तेव्हा देव कळ दाबून नाचविणे हा उपमर्द आहे, असा आक्षेप अमेरिकेतील राजन झेड यांनी घेतला होता. आम्हांस तो आक्षेप सर्वस्वी अनाठायी वाटत नाही. तथापि दशावतारी नाटकात रंग फासून देव होणारा गडीही कोणाच्या तरी इशाऱ्यानेच नाचतो, हेही खरे. आजींचे मत विचारले तर म्हणाल्या, "भाऊ सापडला का शेवटी, ते सांगा."

३० सप्टेंबर २०२२ रोजी 'फिफा २३' आला. या वेळी पीसीवाल्यांसही नव्या पेट्यांचीच आवृत्ती मिळाली आणि मुख्य म्हणजे भिंत पडली. प्लेस्टेशन ५ वाला पीसीवाल्याशी सामना खेळू लागला. दुसऱ्या कंपन्यांच्या पेट्यांशी असल्या भिंती पाडण्यास सोनी पूर्वी राजी नसे. २०१८ च्या सप्टेंबरात 'फोर्टनाइट' या खेळापुरती तिने प्रथम वाट दिली, ती पुढे रुंदावत गेली. कारण आम्हांस व्यापारी वाटते; दोन्हीकडचे गडी एकत्र आले की मैदान कधी ओस पडत नाही. हेतू काही असो. त्या रात्री नऊ वाजता माडीवरून "गोल!" अशी आरोळी आली, आणि पाच मिनिटांनी आणखी एक, जरा पडलेल्या आवाजात. निपाणी दोन-एकने जिंकली होती.

त्या हिवाळ्यात आम्ही रोज रात्री जिना चढून नातवाच्या मागे स्टुलावर बसू लागलो. खेळ आम्हांस कळत नसे. आम्ही ऐकावयास बसत असू. पास दे, धाव, ऑफसाइड कसला रे, यांच्या मध्येमध्ये, कोणी मुद्दाम न विचारता, निपाणीच्या घरातले सगळे कळे. वहिनींच्या गुडघ्याचे काय झाले, बहिणीला कोणत्या कॉलेजात घालणार, वखारीचे पत्रे उडाले ते कोणी बसविले. एके रात्री चिरंजीव जिन्यात उभे असलेले आम्हांस दिसले. हातात पाण्याचा तांब्या होता. तांब्या रिकामा होता.

२०२३ च्या मे महिन्यात कवळ्यास जावयाचे ठरले. अग्रशाळेत खोली मिळविण्याचे काम नातवाकडे होते. आम्ही चोर्ला घाटाने उतरून देवळाशी पोहोचलो, तो तळ्याच्या काठावर निपाणीची गाडी उभी. दोन्ही पोरांनी मध्यांतरात तारीख जुळविली होती आणि शेजारशेजारच्या खोल्या घेतल्या होत्या. दोन्ही बाप एकमेकांकडे न पाहता देवीपुढे उभे राहिले. भटजींनी नेहमीप्रमाणे गोत्र विचारले. एकाने सांगितले ते दुसऱ्यासही पुरले. महाप्रसादाच्या पंगतीत दोघे समोरासमोर आले. बोलणे झाले ते असे : "सोलकढी घे." "घेतली."

परतताना निपाणीच्या गाडीने आंबोलीचा रस्ता धरला नाही. ती आमच्या मागोमाग कणकुंबी-जांबोटीवरून बेळगावात आली. घरात शिरताच पुतण्याने आम्हांस विचारले, "काका, ती बंदूक आहे का हो अजून?"

बंदूक होती. माळ्यावरचा खोका आम्ही टाकू दिला नव्हता. नातवांनी तो टीव्ही गेम मोठ्या उत्साहाने बैठकीतल्या चपट्या टीव्हीला जोडला. बदके उडाली, पण बंदुकीने एकही मरेना. बंदूक बिघडली असे पोरांनी ठरविले. तेव्हा आमचा लेथवाल्याचा अधिकार आम्ही प्रथमच गाजविला. ही बंदूक गोळी मारीत नाही, ती पाहते. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो आणि तो उजेड बंदुकीच्या नळीतला डोळा टिपतो. जुनी पिक्चर ट्यूब ते चित्र येताक्षणी रेखाटते. चपटा टीव्ही ते आधी स्वतःशी घोळून मग दाखवितो. तेवढ्या सेकंदाच्या शतांश-दोन शतांशात डोळा मिटून जातो. नळीवाला जुना टीव्ही कोठीघरात गोधडीखाली होता. चौघांनी मिळून तो उचलून आणला. तो तापून चित्र धरावयास दोन मिनिटे लागली.

बंदूक एकच. पुतण्याने ती चिरंजिवांपुढे धरली. चिरंजीव म्हणाले, "तू आधी, तू थोरला." मग दोघेही खाली सतरंजीवर बसले. चाळिशी उलटल्याने मांड्या काही नीट जमेनात. मागे सोफ्यावर दोन्ही नातू, एकाचे लक्ष पडद्यावर आणि दुसऱ्याचे आपल्या बापावर.

वखारीचा दावा अजून कोर्टात आहे. पुढची तारीख श्रावणात पडली आहे आणि त्या एका सहीबद्दल आम्ही वकिलांना निराळे सांगून ठेवले आहे. त्या दिवशी निपाणीने पहिली तीन बदके मारली, चौथे सुटले आणि गवतातला तो कुत्रा तोंडावर पंजा धरून फिदीफिदी हसला. स्वयंपाकघरातून हाक आली, "जेवंक येयात रे!" मातोश्री जाऊन आता वीस वर्षे होतील, हाक आमच्या घरातील मंडळींची होती. ती तीनदा मारावी लागली.